तिथीची पाऊणपट

चंदीगडमध्ये एकतीस वर्षं काढून एकदाही स्वतःहून सुखना तलावावर न गेलेला माणूस अख्ख्या शहरात एकच असावा, आणि तो नेमका अहिल्येच्या वाट्याला आला होता. पाहुणे आले की नाइलाजानं जायचा. कठड्यापाशी उभा राहून पाण्याकडे असा बघायचा, की जणू कुणी त्याला भेसळीचं दूध दिलंय. "ज्या पाण्याला भरती नाही, त्याला पाणी काय म्हणायचं?" हे वाक्य ठरलेलं. पाहुणे हसायचे. अहिल्येनं ते वाक्य इतक्या वेळा ऐकलं होतं, की ते सुरू व्हायच्या आत ती भुट्टेवाल्याकडे वळायची.

सदाशिव मोंडकर मूळचा देवगड तालुक्यातल्या मोंडवलीचा. सेक्टर बत्तीसच्या सरकारी इस्पितळात प्रयोगशाळेचा तंत्रज्ञ म्हणून लागला, तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता आणि दोन वर्षांत बदली मागून परत जाणार होता. दोनाची चार झाली, चाराची दहा. लग्न पहिल्याच वर्षी झालं, मग निधी झाली, हप्त्यावर फ्लॅट झाला, नोकरी संपली. परत जाणं मात्र दरवर्षी पुढच्या वर्षावर राहिलं. ह्या सगळ्या काळात हा माणूस राहायला चंदीगडला होता एवढंच. संध्याकाळी चहाचा कप हातात आला की हा मोंडवलीला पोचायचा. तिथला किनारा, जिथे माणूस म्हणून दिसत नाही. आणि किनाऱ्यासमोरचं टेंबाचं बेट, जिथे ओहोटी लागली की पायी चालत जाता येतं आणि भरतीला चहूबाजूंनी पाणी.

कधी चालत जाता येतं, हे ओळखायची त्याची एक युक्ती होती. ती त्यानं घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलेली होती. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमी असली तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला भरती, मधे बाराला ओहोटी. किनारपट्टीवरच्या शेंबड्या पोरालाही हे येतं, असं तो म्हणायचा. प्रयोगशाळेतल्या शिकाऊ मुलांना त्यानं ते पाठ करायला लावलं होतं. ती पंजाब-हरयाणाची पोरं, ज्यांनी समुद्र फक्त मोबाइलमध्ये बघितलेला, ती मान डोलवून "जी सर, पक्का" म्हणायची आणि रक्ताच्या नळ्यांकडे वळायची.

अहिल्या जालन्याकडची. तिच्या माहेरी पाणी म्हणजे टँकर. लग्नानंतर ती मोंडवलीला दोनदाच गेली. पहिल्यांदा भर पावसात, तेव्हा समुद्र अंगावर येत होता. दुसऱ्यांदा सासऱ्यांच्या दिवसांना, तेव्हा कुणी बेटाचं नाव काढलं नाही. त्यामुळे एकतीस वर्षं ती ज्या जागेबद्दल रोज ऐकत आली, ती जागा तिनं पाहिलीच नव्हती. आणि खरं सांगायचं तर तिला पाहायचीही नव्हती. मोहालीच्या एका शाळेत चोवीस वर्षं तिनं गणित शिकवलं. मंडईत ती पंजाबीत भाव पाडायची. समोरच्या फ्लॅटमधली हरजिंदरकौर आणि ती हिवाळ्यात गच्चीत बसून मटार सोलायच्या, हरजिंदरच्या सुनेला आणि अहिल्येच्या होऊ घातलेल्या जावयाला नावं ठेवायच्या. फ्लॅटच्या प्रत्येक भिंतीचा रंग तिनं निवडलेला. एवढं सगळं तिनं दोन हातांनी उभं केलं, तेव्हा हा गृहस्थ कुठे होता? समुद्रावर.

आणि आता निवृत्तीनंतर दोन वर्षांनी त्यानं खरंच निघायचं ठरवलं. मोंडवलीत किनाऱ्याच्या वर सड्यालगत, म्हणजे खडकाळ माळाच्या कडेला, त्याच्या वाट्याची थोडी जागा होती. चुलतभाऊ बाळकृष्ण ती सांभाळत होता. त्या जागेला एक हॉटेलवाला गिऱ्हाईक म्हणून आला, आणि बाळकृष्णानं फोन करून विचारलं, की नाताळापर्यंत काय ते सांग, विकतोस का बांधतोस. सदाशिवनं ऐकलं ते फक्त 'बांधतोस' एवढंच. फ्लॅट विकायचा, तिकडे घर बांधायचं, दारातून समुद्र बघायचा. दिवाळीपासून घरात दुसरा विषय नव्हता. तो कागदावर घराचे नकाशे काढायचा. त्या नकाशात देवघर होतं, आंबे पिकवायची खोली होती, होडीचं सामान ठेवायला पडवी होती. अहिल्येला मटार सोलायला जागा नव्हती.

भांडून भांडून ती थकली. शेवटी निधीनं तोड काढली. निधी मोहालीच्या नॉलेज सिटीतल्या एका संस्थेत संशोधन करत होती, मराठी सगळं समजायचं तिला, पण उत्तर कायम हिंदीत.

"मम्मा, एक बार जाके देख तो लो," ती म्हणाली. "पसंद नहीं आया तो सीधा ना बोल देना. और पापा, मम्मा ने ना बोला तो फिर इस घर में दोबारा ये टॉपिक नहीं. पक्का?"

"पक्का," सदाशिव म्हणाला. त्याला खात्रीच होती. "तिला एकदा टेंबावर नेऊन उभी करतो. मग नाही म्हणून दाखव म्हणावं."

असं ठरलं. बेट बघायचं आणि हो की नाही ते सांगायचं. अहिल्येनं 'नाही' तेव्हाच घडी करून पर्समध्ये ठेवलं होतं.

पुढचे तीन आठवडे ह्या माणसानं तिला जो ताप दिला, त्याला तोड नाही. बेटावर नेमकं कधी जायचं, ह्याचं त्यानं कोष्टक करायला घेतलं. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर किराणावाल्यानं दिलेलं कॅलेंडर होतं. त्याच्यासमोर स्टूल टाकून हा बसायचा. ही पोळ्या लाटतेय, तर हिच्या कोपराखाली ह्याची वही. डिसेंबरच्या एकेका चौकोनातला बारीक आकडा भिंग लावून वाचायचा, पाऊणपट करायची, भरती, ओहोटी, बेटाच्या वाटेवर पाणी नसण्याचा काळ, सगळं वेगवेगळ्या रंगांत लिहायचं. आकडा पंधराच्या वर गेला की त्यातून पंधरा वजा. निधीच्या हातून ते टाइप करून घेतलं, छापलं, आणि बाजारात जाऊन चक्क लॅमिनेट करून आणलं.

"अहो, मोबाइलमध्ये येतात म्हणे भरतीच्या वेळा," अहिल्या म्हणाली.

त्यानं तिच्याकडे दया येऊन पाहिलं. "मोबाइल बनवणाऱ्याला तिथी कळते का? माझा आजा ह्याच हिशोबानं होडी काढायचा. चोवीस तारीख बघ. पौष, नऊ. नवाची पाऊणपट पावणेसात. म्हणजे पाऊण वाजता पूर्ण ओहोटी. अकराला पलीकडे जायचं, निवांत बसायचं, तीनच्या आत परत. ह्यात मिनिटाचा फरक पडायचा नाही."

दीड दिवस रेल्वे, मग रत्नागिरीहून एसटी, मग रिक्षा. रेल्वेत समोरच्या बाकावर लुधियानाचं एक कुटुंब होतं. त्यांनाही त्यानं कोष्टक दाखवलं. अहिल्या वरच्या बर्थवर चढून भिंतीकडे तोंड करून पडली. तेवीस डिसेंबरला संध्याकाळी ती मोंडवलीला पोचली, तेव्हा तिचं अंग आंबून गेलं होतं आणि नवऱ्याच्या अंगात वारं शिरलं होतं. बाळकृष्णानं दारातच विचारलं, "मगे, काय ठरवलास जाग्याचा?" सदाशिव म्हणाला, "उद्या दुपारी सांगतो. आधी हिला टेंबावर नेतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळकृष्ण आंब्याच्या फवारणीचं औषध आणायला देवगडला गेला. त्याची बायको चारुशीला घावणे काढत होती. तिनं अहिल्येला बसवून गरम गरम वाढले, वर नारळाची चटणी.

"तू पण बस की," अहिल्या म्हणाली.

"तुमी खावा वयनी. माझी आज विनायकी. उपास आसा," चारुशीला म्हणाली आणि उरलेले घावणे त्यांना न्यायला डब्यात भरू लागली. मग सदाशिवकडे वळून जरा भीतभीत म्हणाली, "भावोजी, ह्येंका येवंदेत देवगडसून. मगे जावा बेटार."

"अगो, माका शिकवतंस?" सदाशिव हसला. इथे आल्यापासून त्याला मालवणीचा झटका आला होता, आणि चंदीगडच्या हिंदीत भिजलेली ती मालवणी ऐकून अहिल्येच्या अंगावर काटा येत होता. त्यानं शर्टाच्या खिशातून कोष्टक काढून दाखवलं. चारुशीलेनं ते आदरानं हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि परत दिलं. लॅमिनेट केलेल्या कागदाला काय बोलणार?

सड्यावरून काजूच्या बागेतून वाट खाली उतरते. ती उतरताना तीन वेळा अहिल्येनं देवाचं नाव घेतलं आणि दोन वेळा नवऱ्याचं, दोन्ही सारख्याच सुरात. मग झाडी संपली आणि समोर किनारा आला.

आता इथे तिची पंचाईत झाली. किनारा सुंदर होता. तो म्हणायचा तसाच होता, इतकंच नाही, तो सांगायचा त्यात काही अतिशयोक्ती नव्हती, हेच तिला फार झोंबलं. अर्धचंद्रासारखी पांढरी वाळू, दोन्ही टोकांना काळे खडक, माणूस नाही, टपरी नाही, कागदाचा कपटा नाही. वाळूवर बारक्या खेकड्यांची भोकं आणि त्यांनी काढलेली गोळ्यांची नक्षी. पाण्याचा आवाज असा, की डोक्यातलं सगळं बोलणं बंद व्हावं. तिनं चपला काढून हातात घेतल्या. चंदीगडला डिसेंबरात तिचे पाय मोज्यांत असतात. इथे वाळू कोमट होती. हिवाळ्यात सांधे धरतात तिचे, ते इथे धरणार नाहीत, असा एक विचार तिच्या मनात आला आणि तिनं तो घाईघाईनं हाकलला. पर्समधल्या त्या 'नाही'ची घडी जराशी उकलली होती.

"काय?" सदाशिवनं विचारलं.

"काही नाही. चला तुमच्या बेटावर," ती म्हणाली.

बेटाकडे जाणारी वाट वाळूची आणि खडकांची, शे-सव्वाशे पावलांची. त्या वाटेनं चारपाच बायका डोक्यावर पाट्या घेऊन परत येत होत्या. बेटाच्या खडकांवरची कालवं काढायला त्या सकाळीच गेल्या होत्या. वाटेवर मधोमध घोट्याइतकं पाणी होतं.

"आता खंय चललात?" त्यातल्या एकीनं विचारलं. "पानी भरता मां."

"मी हयचोच," सदाशिव ऐटीत म्हणाला. "मोंडकरांचो."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. इथलाच आहे म्हटल्यावर ह्याला न्यायला होडी येणार असेल, असंच त्यांना वाटलं असणार. त्या गेल्या. सदाशिवनं पँट दुमडली आणि अहिल्येचा हात धरून घोट्याइतक्या पाण्यातून पलीकडे नेलं.

"हे पाणी अजून ओसरतंय," तो म्हणाला. "परत येताना पाय भिजायचेसुद्धा नाहीत."

टेंबाचं बेट म्हणजे चार खडक, थोडी केवड्याची दाटी, वर एक मोकळा माथा आणि तिथे शेंदूर फासलेला एक दगड. सदाशिव त्या दगडापुढे हात जोडून बराच वेळ उभा राहिला. मग त्यानं तिला सगळं दाखवलं. इथून तो पहिल्यांदा पाण्यात पडला. इथे वडिलांनी त्याला गळ लावायला शिकवलं. इथून मुंबईला जाणारी बोट दिसायची. तो बोलत होता आणि त्याचा चेहरा वेगळाच दिसत होता, चंदीगडच्या चहाच्या कपामागे कधी न दिसलेला. घावण्यांचा डबा उघडून दोघं सावलीत बसली. अहिल्येनं स्वतःला विचारलं, इथे खरंच राहता येईल का आपल्याला? आणि तिच्या मनातून ताबडतोब नाही असं उत्तर आलं नाही. तिनं दुसरा घावणा घेतला. राग राग करायला आलेल्या बाईची अशी फजिती व्हावी, ह्याचा तिला राग येत होता.

सव्वाबाराला ती हात धुवायला खाली उतरली आणि ओरडली, "अहो!"

वाट नव्हती. जिथून त्यांनी तासाभरापूर्वी घोटे भिजवत पाय टाकले, तिथे हिरवट पाणी डोलत होतं, आणि मधला मोठा खडक, ज्याला धरून ती चढली होती, त्याचा फक्त माथा दिसत होता.

सदाशिव आला. त्यानं पाण्याकडे पाहिलं, मग खिशातून कोष्टक काढून त्याच्याकडे पाहिलं. "पाऊण वाजता पूर्ण ओहोटी," तो म्हणाला. "अजून अर्धा तास आहे."

"ओहोटीत पाणी कमी होतं ना?"

"हो."

"मग हे वाढतंय कसं?"

"वाऱ्यानं आत लोटलं जातं कधीकधी. थांब जरा. पाऊणला बघ कसं स्वच्छ होतं."

ती थांबली. चोवीस वर्षं वर्गात उभ्या राहिलेल्या बाईला चुकीचं उत्तर किती शांतपणे ऐकून घ्यायचं असतं ते माहीत होतं. पण तो खडक तिच्या डोळ्यांदेखत बुडाला. ह्या माणसाच्या हातातल्या प्लॅस्टिकच्या कागदावर ओहोटी चालू होती आणि हिच्या साडीच्या काठाला समुद्र लागत होता.

"आज तिथी कोणती?" तिनं विचारलं.

"नवमी. पौष नऊ."

"चारुशीलाचा आज विनायकीचा उपास आहे. नवमीला विनायकी?"

सदाशिवनं कोष्टक पुन्हा डोळ्यांजवळ नेलं.

"चतुर्थी आहे आज," अहिल्या म्हणाली. "चाराची पाऊणपट तीन. तीनला भरती. ओहोटी सकाळी नवालाच होऊन गेली. आपण आलो तेव्हा पाणी ओसरत नव्हतं, चढत होतं. त्या बायका बोंबलून सांगत होत्या." मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "हे आकडे तुम्ही कुठून घेतलेत? माझ्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरून?"

"त्यात दिलेत की. महिना पौष, आकडा नऊ."

"अहो, ते किराणावाल्याचं कॅलेंडर आहे! पंजाबातलं! तो त्यांचा देशी महिना. संग्रांदीपासून, म्हणजे दर महिन्याच्या संक्रांतीपासून, एक, दोन, तीन असे दिवस मोजतात, सूर्याचे. त्याचा चंद्राशी काही संबंध नाही. हरजिंदर दर संग्रांदीला गुरुद्वारात जाऊन मला कडाप्रसादाचा शिरा आणून देते, तुम्ही तो दोन हातांनी खाता, एकतीस वर्षं खाताय. कधी विचारावंसं वाटलं नाही, की आज काय आहे?"

ती खूप बोलली. तोंडाला येईल ते बोलली. आजोबांची होडी काढली, लॅमिनेशन काढलं, लुधियानाच्या कुटुंबासमोर मारलेल्या फुशारक्या काढल्या. "ज्या गावात राहिलात, तिथला महिना तुम्हाला कळत नाही. ज्या गावचे म्हणवता, तिथली तिथी आठवत नाही. आकाशात चंद्राची कोर दिसत होती काल संध्याकाळी, नवमीला कोर असते का? वर मान करून बघायचं तरी!" बोलताना तिला भीती वाटत होती, पाण्याची, आणि भीती लपवायला तिला रागाएवढं दुसरं काही सापडत नव्हतं.

एरवी सदाशिव हार मानायचा नाही, वारा, खगोलशास्त्र, सरकार, कुणालातरी मधे आणायचा. आता तो खडकावर बसला आणि ते कोष्टक दोन्ही हातांत धरून नुसता बघत राहिला. लॅमिनेट केलेला कागद फाडता येत नाही. त्यानं एकदा प्रयत्न केला, मग बाजूला ठेवून दिला.

माथ्यावर गेल्यावर मोबाइलला एक दांडी आली. अहिल्येनंच बाळकृष्णाला फोन लावला.

"वयनी, थंयच बसा. होडी घेवन येतंय," तो म्हणाला. "पण तुमी आता बेटार कशाक गेलात? सदाक म्हायती आसतली मां?"

"चुकून झालं भावजी," ती म्हणाली. आणि आपण असं का म्हणालो, ते तिचं तिला कळलं नाही.

होडी यायला तास तरी लागणार होता. बेट बुडत नव्हतं, माथा चांगला उंच होता, धोका असा काही नव्हता. नुसतं बसायचं होतं. सदाशिव पाण्याकडे पाठ करून बसला होता. एकतीस वर्षांत त्यानं समुद्राकडे पाठ केलेली तिनं पाहिली नव्हती, पण मग चंदीगडला समुद्र तरी कुठे होता?

"बाळाला जागा विकून टाकायला सांगतो," तो एकदम म्हणाला. आवाज अगदी साधा होता, प्रयोगशाळेत अहवाल वाचून दाखवावा तसा. "तुझं बरोबर आहे. इथे येऊन मी काय करणार? लोक हसतील. मला इथलं काही येत नाही आता. त्या बायकांना म्हणालो मी इथलाच. त्या काय म्हणाल्या असतील घरी जाऊन."

अहिल्या जिंकली होती. न मागता, पर्समधलं 'नाही' बाहेरही न काढता. फ्लॅट राहिला, गच्ची राहिली, हरजिंदर राहिली. तिनं आनंदाची वाट पाहिली. तो येईना.

तिला पुढच्या संध्याकाळी दिसू लागल्या. चंदीगडची बाल्कनी, दोन कप चहा, आणि समोर बसलेला हा माणूस. काय बोलेल तो? त्याच्याकडे दुसरं काही नव्हतंच. किती चिडली होती ती त्या समुद्रावर, त्या बेटावर, त्या एकाच रडगाण्यावर. पण लग्नाच्या पहिल्या महिन्यात, त्या परक्या शहरातल्या थंडीत, भाषा येत नसताना, ह्याच माणसानं रजईत बसून तिला बेटाच्या गोष्टी सांगितल्या होत्या आणि ती रडायची थांबली होती. निधीला ताप आला की तो हेच सांगायचा. इस्पितळातून कुणाचा वाईट अहवाल हातात देऊन घरी आला, की त्या दिवशी जास्तच सांगायचा. घर तिनं उभं केलं हे खरं. पण त्या घरात रोज संध्याकाळी कुणीतरी कुठूनतरी आल्यासारखा बोलायचा, आणि आता तो गप्प बसणार होता, तिच्या डोळ्यांसमोर, आणखी वीस वर्षं. आणि लगेच ती चिडली, कारण ह्या माणसानं हरतानाही तिला सुखानं जिंकू दिलं नव्हतं.

दोनच्या सुमारास बाळकृष्णाची होडी खडकाला लागली. त्यानं सदाशिवकडे पाहिलं आणि हसू दाबलं. "सदा, माका फोन तरी करूचो मां," एवढंच म्हणाला. सदाशिव होडीत चढला. चढताना त्याचा पाय घसरला आणि बाळकृष्णानं पाहुण्याला धरावं तसं त्याला दंडाला धरून आत घेतलं. अहिल्येनं ते पाहिलं. सदाशिवनंही तिला पाहताना पाहिलं, आणि तो दुसरीकडे बघू लागला.

होडी निघाली. पाणी भरून आलं होतं, वाटेची खूणही राहिली नव्हती. मधोमध आल्यावर बाळकृष्णानं वल्ही थांबवली.

"मगे, त्या हॉटेलवाल्याक काय सांगू? संध्याकाळी येतलो तो."

सदाशिवनं मान वर केली. "बाळा, ती जागा..."

"जागा विकायची नाही," अहिल्या म्हणाली.

दोघांनी वळून तिच्याकडे पाहिलं. बाळकृष्णाचा चेहरा उजळला. "मगे घर बांधतलात?"

"नाही. घर बांधायचं नाही. आम्ही चंदीगडलाच राहणार."

"आवशीक खाव्! मगे जागा ठेवन करतलात काय?"

अहिल्येला त्या प्रश्नाचा मनस्वी राग आला. ह्यांच्या घराण्यात सगळ्यांना सगळं उलगडून सांगावं लागतं. तिनं पदर कमरेला घट्ट खोचला, नवऱ्याकडे मुळीच न बघता पाण्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ह्यांना रोज संध्याकाळी परत जायला कुठेतरी जागा लागते, भावजी. ती विकली तर हे माझ्या घरात राहतील कसे?"

बाळकृष्णाला त्यातलं काही कळलं नाही. त्यानं वल्ही पाण्यात घातली. सदाशिवनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं, आणि अहिल्या पाण्याकडे बघत असल्यामुळे तिला ते दिसलं नाही, असं तिनं किनारा येईपर्यंत भासवलं.